आठ महिने, एक हार्डटेल आणि मुंडा बिडीची वाट

मार्चमध्ये घेतलेल्या हार्डटेल सायकलीला आता आठ महिने झाले. हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही. 29 इंची चाकं, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे 100 मिमी दबणारा हवेचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा दांडा), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक सायकली एकसारख्याच असतात आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे. सायकल घेतली ती एकाच कामासाठी: ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळच्या मंडेरिंगपासून ड्वेलिंगअपपर्यंत मुंडा बिडी या सायकलवाटेवर चार दिवसांची फेरी करायची होती. सप्टेंबरअखेर ती झाली. त्याआधी सहा महिने दर शनिवारी सराव केला.

मुंडा बिडी म्हणजे नूंगार या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत जंगलातून जाणारी वाट. मंडेरिंगपासून दक्षिणेला ऑल्बनीपर्यंत ती 1,000 किमीहून लांब आहे. 2013 साली ती सलग पूर्ण झाली. मोटारगाड्यांना बंदी, परवाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. गावं लांब असतात तिथे मध्ये साधारण 35 ते 40 किमीवर लाकडी निवारे बांधलेत: झोपायला फळ्या, पावसाच्या पाण्याची टाकी, संडास, सायकली ठेवायला जागा. आमचा टप्पा 150 किमीच्या आसपासचा होता.

आता मुख्य गोष्ट. मी रत्नागिरीकडचा. जांभ्याचं घर, जांभ्याची गडगी, पायवाटेवर तांबडी धूळ, यात वाढलो. इथल्या डार्लिंग रांगेतही जांभाच आहे, बॉक्साइट काढतात तोच. पण इथे जंगलातल्या वाटेवर तो वाटाण्याएवढ्या गोल, टणक खड्यांच्या रूपात पसरलेला असतो. कोरड्या दिवशी त्यावर चाक घातलं की खाली कोणी बेअरिंगच्या गोळ्या ओतल्यासारखं वाटतं. दुकानात सायकल फिरवून हे कळत नाही, माहितीपत्रकातही नसतं. आणि मुंडा बिडीवरच्या फेरीची आखणी या खड्यांवरच ठरते, किलोमीटरवर नाही.

सायकलीबरोबर आलेले टायर 2.1 इंच रुंदीचे आणि पातळ कडेचे होते. दुकानदाराने 40 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरून दिली. पहिल्याच शनिवारी उतारावरच्या वळणावर पुढचं चाक सरळ निसटलं आणि कोपर सोललं. पुढचे दोन महिने हवा कमी-जास्त करत गेलो. शेवटी 2.35 इंचाचे जाड कडेचे टायर घेतले, ट्यूबलेस केले (आत ट्यूब नाही, भोकं बुजवणारं पातळ सीलंट), आणि सामान लादलेलं असताना पुढे 20, मागे 24 पीएसआयवर स्थिरावलो. माझं वजन 70 किलो आहे. तुमचं जास्त असेल तर थोडी जास्त ठेवा. या एका बदलाने सायकल वेगळीच झाली. चाक खड्यांवरून घरंगळायचं थांबून त्यांना दाबून बसू लागलं. पुढचा ब्रेक वळणाच्या आत दाबायचा नाही, वळणाआधी दाबून सोडून द्यायचा. नजर समोर, हात सैल. हे शिकायला टायरपेक्षा जास्त दिवस लागले.

ट्यूबलेसबद्दल एक प्रसंग. फेरीच्या दुसऱ्या दिवशी करिन्या आणि वुंगाँग या निवाऱ्यांच्या मध्ये एका तुटक्या फांदीचं टोक मागच्या टायरच्या कडेत शिरलं. फस्स आवाज आला, पांढरं सीलंट कारंज्यासारखं उडून पायावर, चेनवर, बाटलीवर सांडलं. अर्धा मिनिट मी नुसता बघत होतो. मग चाक फिरवून भोक खाली आणलं, तरी गळती थांबेना. रबराची वळवलेली पट्टी सुईने आत ढकलली, बाहेर आलेलं टोक कापलं, पंपाने हवा भरली आणि ती पट्टी ड्वेलिंगअपपर्यंत टिकली. ट्यूब असती तर त्या जागी पाऊण तास गेला असता. पण सीलंट वाळतं. पर्थच्या उन्हात मी दर तीन महिन्यांनी ते तपासतो.

गिअर. पुढे 34 दातांचं चक्र होतं, मागे सर्वात मोठं 46 दातांचं. रिकाम्या सायकलीला पुरेसं. 12 किलो सामान लादल्यावर जॅराडेल गावाच्या आधीचे आखूड पण खडे चढ उभं राहून मारावे लागले, आणि खड्यांवर उभं राहिलं की मागचं चाक जागीच फिरतं. सरावातच हे लक्षात आल्यामुळे पुढचं चक्र 30 दातांचं केलं. बसून, हळू, एका लयीत चढता येऊ लागलं. सायकल घेताना कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते आधी बघा, सायकलीचं वजन नंतर.

फोर्कबद्दल तक्रार नाही. मी बसल्यावर तो 20 मिमी दबेल एवढी हवा ठेवतो, महिन्यातून एकदा तपासतो. ब्रेकही चांगले, पण मूळचे रेझिनचे पॅड जुलैच्या पावसातल्या दोन फेऱ्यांत संपले; ओला खडा आणि माती मिळून त्यांना पॉलिश पेपरसारखी घासते. धातूचे पॅड घातले. आवाज करतात, पण टिकतात.

मागचं कॅरियर मात्र घेऊ नका. वाटेवर वाहनांच्या जुन्या रस्त्यांचे तुकडे आहेत, त्यांवर आडव्या लाटा पडल्यात. त्या कंपनाने सरावाच्याच एका फेरीत माझ्या कॅरियरचा बोल्ट तुटला. मग सगळं सामान हँडलच्या, फ्रेमच्या आणि सीटच्या पिशव्यांत कोंबलं. जागा कमी, त्यामुळे आपोआप निवड करावी लागते. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला धरणारा तुकडा, एक जादा ठेवा. तो मुद्दाम मऊ धातूचा असतो, आधी तो वाकतो आणि फ्रेम वाचते. माझा वाकला, तेव्हा तीन मिनिटांत बदलला.

आखणीत सगळ्यात मोठी चूक वेगाची होते. डांबरी रस्त्यावर मी तासाला 22 किमी सहज जातो. इथे सामान, खडे, चढ आणि थांबे धरून 10 ते 11 पडले. म्हणून दिवसाला 40 किमी ठरवले आणि रोज दुपारी तीनपर्यंत निवाऱ्यावर पोहोचलो. पाणी टाकीचं, पण ते उकळून किंवा गाळूनच प्यायचं. उन्हाळा संपताना टाकी रिकामी असू शकते, म्हणून तीन लिटर अंगावर ठेवायचं. फोनला बराच वेळ रेंज नसते. बरोबर नोंदणी केलेलं आपत्कालीन बीकन (मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र) होतं. वापरावं लागलं नाही, पण बायको घरी निश्चिंत झोपली.

खाण्यात मी हट्टी आहे. गूळ-तूप घालून केलेले शिळ्या पोळीचे लाडू चारही दिवस टिकले. संध्याकाळी स्टोव्हवर मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तुपाचा गोळा. वुंगाँगच्या निवाऱ्यावर भेटलेल्या एका वयस्कर सायकलस्वाराने चमचाभर मेतकूट चाखलं आणि वाटीभर मागून घेतलं. उन्हाळ्यात आगबंदीचे दिवस असतात, तेव्हा स्टोव्हचे नियम आधी बघून जा. वणव्यामुळे किंवा सरकारने ठरवून लावलेल्या आगीमुळे वाटेचे काही भाग बंदही असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी तपासायचं. ड्वेलिंगअपला पोहोचल्यावर तर ही आठवण ठेवावीच लागते. 1961 च्या जानेवारीतल्या वणव्यात ते गाव जवळजवळ बेचिराख झालं होतं.

सप्टेंबरचं कारण फुलं. जॅराच्या उंच, करड्या, धागेदार खोडांखाली होव्हियाची जांभळी झुडपं आणि वॅटलचा पिवळा सडा. बलगाची झाडं गवताचे घागरे नेसून उभी. पहाटे डोक्यावर लाल शेपटीचे काळे काकाकुवा मारी नावाच्या झाडाची फळं फोडत बसतात. टप टप आवाज करत टरफलं वाटेवर पडतात. गवताआड ती दिसत नाहीत आणि चाकाखाली आली की चाक घसरतं, म्हणून सकाळी पहिला तास जपून.

आणखी एक गोष्ट, जी मी पहिल्या महिन्यात करत नव्हतो. या जंगलात मुळं कुजवणारा एक सूक्ष्म रोगकारक आहे, फायटोफ्थोरा. ओल्या मातीतून, टायरला चिकटून तो एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातो आणि जॅरा उभे वाळतात. असे वाळलेले भाग वाटेवर ओळखू येतात: पानं गेलेली, खोडं पांढरी. आता निघण्याआधी आणि परतल्यावर मी ब्रशने टायरच्या प्रत्येक खाचेतली माती काढतो, बूटसुद्धा. दहा मिनिटं लागतात.

ही सायकल विकायचा विचार नाही. एप्रिलमध्ये ड्वेलिंगअपपासून कॉलीपर्यंतचा टप्पा आहे. त्याआधी चेन बदलायची, मागच्या टायरची ती पट्टी लावलेली जागा आतून नीट चिकटवायची आणि दुसरी बाटली फ्रेमच्या खालच्या बाजूला बसते का ते बघायचं, कारण त्या टप्प्यात गावं आणखी लांब आहेत.