पी21 जागवण्यासाठी साआरएनए की डीकॅस9?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पी53 हे जनुक सुमारे निम्म्या रुग्णांत बिघडलेले असते आणि त्याच्या हुकमावर चालणारे, पेशीविभाजन रोखणारे पी21 त्यामुळे थंडावते. जनुक चालू-बंद ठरवणाऱ्या डीएनएच्या भागावर, म्हणजे प्रमोटरवर, थेट काम करून पी53 ला वळसा घालणारी दोन साधने मी हाताळली आहेत: लघु सक्रियक आरएनए, म्हणजे साआरएनए, आणि डीएनए न कापता ठरावीक जागी बसणारे आणि जनुक जागवणारा सक्रियक सोबत नेणारे डीकॅस9.

जागा निवडण्यात डीकॅस9 सरस आहे. त्याला जागा दाखवणारे आरएनएचे दोन-चार तुकडे, म्हणजे गाइड, करून पाहिले की त्यांतला एखादा बहुधा चालतो. साआरएनएच्या बाबतीत मात्र प्रमोटरचा कोणता भाग दाद देईल, हे आधी सांगता येत नाही. पी21 पुरता हा प्रश्न लाँग-चेंग ली आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्येच सोडवला असून ती जागा लेखनारंभाच्या, म्हणजे जिथून जनुकाचा आरएनए बनू लागतो त्या बिंदूच्या, 322 बेस अलीकडे आहे.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच वैतागामुळे. डीकॅस9 ची स्थिर सेल लाइन, म्हणजे ते कायमचे बसवलेल्या पेशी, वाढवताना ज्या पेशींत पी21 खरोखर जागे होते त्या थांबतात आणि ज्यांनी सक्रियकालाच गप्प केलेले असते त्या फोफावतात. पेशी काही वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यावर, म्हणजे काही पॅसेजनंतर, फ्लास्क काठोकाठ भरलेला, पेशी टवटवीत, आणि प्रथिन दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर पी21 चा बँड जेमतेम दिसेल असा! डॉक्सिसायक्लिन हे औषध दिल्यावरच डीकॅस9 चालू करणारा स्विच लावल्यावर त्रास कमी झाला, तरी औषधाविना होणारी गळती पुरती थांबली नाही.

साआरएनए प्रयोगाच्या वेळीच द्यायचे असल्याने ही निवड होण्यास वावच मिळत नाही. त्याला धीर मात्र लागतो; 24 तासांनी पाहिलेला ब्लॉट निराश करतो, 72 तासांनी बँड ठळक होतो.

उपचाराचा विचार केला तरी साआरएनएचे 21 न्यूक्लिओटाइडचे द्विसूत्र मेदाच्या सूक्ष्म कणांत, म्हणजे लिपिड नॅनोकणांत, सहज मावते, तर डीकॅस9 चे जनुकच सुमारे 4,100 बेसजोड्यांचे असल्याने जनुके पेशींत नेणाऱ्या एएव्ही या विषाणूमध्ये सक्रियकासाठी जागा फारशी उरत नाही. यकृताच्या कर्करोगासाठी एमटीएल-सीईबीपीए या साआरएनएच्या मानवी चाचण्या 2016 मध्ये सुरू झाल्या. पण यकृत असे कण आपणहून ओढून घेते, आतड्यातली गाठ तसे करत नाही, ही अडचण दोन्ही साधनांना सारखीच आहे.

अनेक जनुके एकदम चाचपायची असल्यास डीकॅस9 घेणे कदाचित योग्य ठरेल. एकट्या पी21 साठी साआरएनए मागवणाऱ्याने त्याच लांबीचे, प्रमोटरशी न जुळणारे द्विसूत्रही सोबत घ्यावे, कारण परक्या द्विसूत्री आरएनएमुळे इंटरफेरॉनचा विषाणूविरोधी प्रतिसाद जागा होऊनही पेशींची वाढ मंदावू शकते.