तळातून वर येणारे सूर: आइसलँड सिंफनीचा ‘कन्करन्स’

माझं वय 61. चार वर्षांपासून दोन्ही कानांत श्रवणयंत्र आहे. वयामुळे ऐकू कमी यायला लागलं की आधी वरचे आवाज जातात. पक्ष्यांची शीळ, बोलण्यातला ‘स’, व्हायोलिनचे अगदी वरचे सूर. खालचे आवाज बरेच दिवस साथ देतात. मी आयुष्यभर ऑर्केस्ट्रा ऐकला तो व्हायोलिनच्या ओढीनं, त्यामुळे हे सुरू झाल्यावर ऐकणं हळूहळू बंदच केलं. वाढदिवसाला मुलीनं ‘कन्करन्स’ हातात ठेवला आणि म्हणाली, “आई, हे खालून सुरू होतं. ऐकून तरी बघ.”

हा 2019 मध्ये सोनो लुमिनस कंपनीनं काढलेला अल्बम. वादन आइसलँड सिंफनी ऑर्केस्ट्राचं, कंडक्टर दानिएल ब्यार्नासोन. तो स्वतःही संगीतकार आहे. चार रचना, चार हयात आइसलँडिक संगीतकार. नावं पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळते, पण ती आडनावं नव्हेत हे कळलं की सोपं जातं. बहुतेक वेळा वडिलांच्या नावापुढे ‘दॉत्तिर’ म्हणजे मुलगी किंवा ‘सोन’ म्हणजे मुलगा, एवढंच. तिथे माणसाला पहिल्याच नावानं ओळखतात, म्हणून मीही तसंच लिहिते.

पहिली रचना आन्ना थोरवाल्ड्सदॉत्तिरची ‘मेटाकॉसमॉस’. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं तिच्याकडून ती लिहून घेतली आणि 2018 मध्ये एसा-पेक्का सालोनेनच्या हाताखाली पहिल्यांदा वाजवली. कृष्णविवरात ओढलं जाण्याची कल्पना तिच्यामागे आहे. मला ते वाचून काहीच बोध झाला नव्हता. ऐकलं तेव्हा झाला. सुरुवातीला सूर आहे की नुसता कंप, हे ठरवता येत नाही. मी खुर्चीच्या हातावर तळवा टेकून बसले होते, आणि डबल बेसचा तो धरलेला खर्ज कानाच्या आधी तळव्याला लागला. त्याच्यावर तंतुवाद्यं घसरत येतात, कुठे नुसती तारेवरची घासणी ऐकू येते, एखादा स्वरमेळ जुळता जुळता विरून जातो. चालीची वाट बघत बसलात तर सुरुवातीची मिनिटं कोरडी जातील. वजनाकडे लक्ष द्या. कोणता थर जड होतोय, कोणता सुटतोय, ते ऐका. मध्ये ड्रमचा ठोका पकड घेतो आणि सगळं एका दिशेला खेचलं जातं. ते ओसरल्यावर, शेवटाकडे, तंतुवाद्यांतून एक रुंद, संथ चाल वर येते. तिथे मी रडले. मध्यसप्तकाच्या आसपासची चाल, जिचा प्रत्येक सूर मला पोचत होता.

आन्ना मुळात चेलो वाजवायची. वादकांसाठी ती एक सूचना देते: लांब धरलेला सूर म्हणजे नाजूक फूल समजा, ते हातात घेऊन बारीक दोरीवरून चालायचं आहे, ना ते पडू द्यायचं ना आपण पडायचं. यंत्र लावणाऱ्यांनी इथे जपायला हवं. आपली यंत्रं बोलण्यासाठी जुळवलेली असतात. लांब, एकसारखा सूर त्यांना स्वतःची शिट्टी वाटते आणि ती तो दाबायला जातात. पहिल्या दिवशी मला सूर थरथरत, तुटत ऐकू आला, मी दोष वादकांना दिला. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठीची वेगळी सेटिंग करून घेतली आणि फूल दोरीच्या पलीकडे पोचलं.

हाउकुर तोमासोनच्या पियानो कॉन्चेर्टो क्रमांक 2 बद्दल मी थोडंच लिहिणार. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना. व्हिकिंगुर ओलाफ्सोन पियानोवर आहे आणि त्याची बोटं पाण्यासारखी चालतात. पियानो नायकासारखा पुढे न येता ऑर्केस्ट्राच्या विणीत मिसळून सतत चमचमत राहतो. पण ती चमक बरीचशी वरच्या सप्तकांत आहे आणि माझ्या कानांना ती अर्धीच दिसते. ज्यांचे कान धड आहेत त्यांना कदाचित हीच सगळ्यांत आवडेल.

मारिया हुल्ड मार्कान सिगफुस्दॉत्तिरची ‘ओशन्स’ मात्र मी आठवड्यातून दोनदा तरी लावते. मारिया ‘अमीना’ या बँडमध्ये व्हायोलिन वाजवते, त्या बँडनं ‘सिगुर रोस’ या आइसलँडच्या रॉक बँडबरोबरही काम केलंय. या रचनेत काही घडवायची घाई नाही. दाट धुक्यातून एकेक वाद्य श्वास घेतं, फुगतं, मागे सरतं. नव्यानं ऐकणाऱ्यानं अल्बमचा क्रम सोडून इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

शेवटची पाउल राग्नार पाउल्सोनची ‘क्वेक’, म्हणजे भूकंप. चेलोवर सायुन थोरस्टाइन्सदॉत्तिर. उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या सीमेवर वसलेल्या देशातला माणूस हा शब्द उगाच वापरणार नाही. पाउल आधी ‘माउस’ या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा, नंतर एस्टोनियात जाऊन रचना शिकला. इथे चेलो गातो कमी, कापतो जास्त. तार दाबून धरल्यासारखा आवाज, मग अचानक सगळा ऑर्केस्ट्रा पायाखालून सरकतो. 2018 च्या आंतरराष्ट्रीय संगीतकार रोस्ट्रममध्ये, म्हणजे देशोदेशींच्या रेडिओ केंद्रांनी नव्या रचना निवडण्यासाठी भरवलेल्या मेळाव्यात, ही रचना निवडली गेली, आणि 2021 च्या ग्रॅमीसाठी अख्ख्या अल्बमला ऑर्केस्ट्रा वादनाचं नामांकन होतं. पहिल्या दोन वेळा मला ‘क्वेक’ सहन झाली नाही. तिसऱ्यांदा दिवसा, खिडकी उघडी ठेवून ऐकली आणि जमलं.

रेकॉर्डिंग रेक्याविकच्या हार्पा इमारतीतल्या एल्डबोर्ग सभागृहातलं आहे. वादकांना गोलाकार बसवून, आवाज चहूबाजूंनी यावा असं ते केलंय, आणि सीडीबरोबर ब्लू-रे ऑडिओची तबकडीही मिळते. माझ्याकडे नुसते दोन मोठे स्पीकर आहेत, तरी खालचे थर एकमेकांत कालवले जात नाहीत. डबल बेस कुठला, ट्यूबा कुठला, हे वेगळं कळतं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र हे लावूच नका, तळच नाहीसा होतो. एकदा मी एका फुकट अ‍ॅपवर ‘मेटाकॉसमॉस’ ऐकून पाहिलं होतं. शेवटची चाल विरत असताना, सूर पुरता थांबायच्या आत, जाहिरात ओरडली. शिवाय त्या अ‍ॅपनं हे संगीत ‘झोपेसाठी’च्या यादीत टाकलं होतं. याचा मला मनापासून राग आहे. हे जागं राहून ऐकायचं संगीत आहे.

या अल्बमनंतर मी फिनलंडकडे वळले. तिथली संगीतकार काइया सारियाहो हिची ‘ओरायन’ ऐकली, 2023 मध्ये ती गेली हे कळल्यावर पुन्हा ऐकली. आणि मग तिथलेच संगीतकार एइनोयुहानी राउताव्हारा यांची 1972 ची ‘कान्टुस आर्क्टिकुस’, औलू विद्यापीठाच्या पदवीदान समारंभासाठी लिहिलेली, पक्षी आणि ऑर्केस्ट्रा यांची कॉन्चेर्टो. पक्षी टेपवरचे आहेत. पहिल्या भागातले बरेचसे मला ऐकू येत नाहीत, बासरी वाजते आणि तिच्या भोवती जागा रिकामी राहते. पण दुसऱ्या भागात राउताव्हारांनी एका चंडोलाचं गाणं टेपवर संथ करून दोन सप्तकं खाली आणलंय. तो पक्षी मला पूर्ण ऐकू येतो.