ॲनाज की ॲलन्स: बे एरियातील दोन हमिंगबर्ड

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहून एकाच हमिंगबर्डची वर्षभर नोंद ठेवायची असेल, तर बहुधा दोन जातींतून निवड करावी लागते: ॲनाज आणि ॲलन्स. प्रौढ नर ओळखणे अवघड नाही. ॲनाजच्या नराचा गळाच नव्हे, तर माथाही राणी रंगाचा असतो आणि अंगावर तांबूस छटा नसते. ॲलन्सचा गळा तांबडा-नारिंगी, पाठ हिरवी, कुशी आणि शेपटी तांबूस. मात्र प्रकाश प्रतिकूल असेल तर दोघांचेही गळे काळे दिसतात, म्हणून मी आधी कानावर विसंबतो. ॲनाजचा नर फांदीच्या शेंड्यावर बसून गंजलेल्या बिजागरीसारखे करकरते गाणे बराच वेळ गातो. ॲलन्सचा नर गात नाही, पण उडताना त्याच्या पंखांची बारीक किणकिण ऐकू येते.

मी सुरुवात ॲलन्सपासून केली. जानेवारीच्या अखेरीस नर येऊ लागतात, आणि मादीपुढे लंबकासारखे झोके घेणारा तो तांबूस पक्षी पाहिल्यावर दुसऱ्या कशाकडे लक्ष जात नाही. अडचण झाली ती रूफस हमिंगबर्डमुळे. थेट अलास्कापर्यंत जाणारे हे पक्षी नेमके वसंतातच या किनाऱ्याने उत्तरेकडे सरकतात. दोन्ही जातींच्या माद्या आणि पिल्ले दिसायला जवळजवळ सारखीच असतात, आणि रूफसच्या काही नरांची पाठही हिरवी असते. खात्री करायची तर शेपटीच्या पिसांचा आकार पाहावा लागतो: रूफसच्या नरात मधल्या पिसाशेजारच्या पिसाला खाच असते, तर ॲलन्समध्ये सर्वांत बाहेरचे पीस फारच अरुंद असते.

मार्चमधल्या एका दुपारी साल्व्हियाच्या फुलांवर आलेल्या मादीची मी वीसेक छायाचित्रे घेतली. त्यांपैकी एकातच शेपटी पूर्ण उघडलेली होती आणि नेमके तेच हलले. वहीत शेवटी ‘ॲलन्स किंवा रूफस’ असे लिहावे लागले, आणि दोन वसंतांत अशाच नोंदी वाढत गेल्या. अधिक चांगला कॅमेरा आणि अधिक सराव असलेल्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. शिवाय उन्हाळा सरता सरता येथील ॲलन्स मेक्सिकोकडे निघून जातात आणि वही बंद होते. लॉस एंजेलिसकडे ॲलन्सची वर्षभर राहणारी उपजात आहे, त्यामुळे तिथल्या निरीक्षकाने हा हिशोब वेगळा मांडावा.

ॲनाज मात्र बाराही महिने येथेच असतो. उन्हाळ्यात, विशेषतः समुद्रापासून आत, त्याची मादी आणि काळ्या हनुवटीच्या हमिंगबर्डची मादी यांत गल्लत होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. हिवाळ्यात ती शंका फारशी उरत नाही. एका डिसेंबरात आमच्या गॅलरीच्या कठड्यावरचे कोळ्याचे जाळे चोचीत गुंडाळून नेणारी मादी मला हातभर अंतरावरून दिसली: करडे पोट, गळ्याच्या मध्यावर छोटा गुलाबी ठिपका, कुशीवर तांबूस रंगाचा मागमूस नाही. आपल्याकडे शिंजीरही घरट्यासाठी असेच जाळे नेतो, त्यामुळे ती काय करते आहे हे लगेच कळले. पुढे तिचे घरटे, अंडी आणि पिल्ले यांच्या सगळ्या नोंदी मला एकाच नावाखाली करता आल्या. ॲलन्सचा नर आजही दिसला की मी हातातले काम सोडून पाहतो, पण वही आता ॲनाजची आहे.