जेम पोर्टल: महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांना खरोखर किती उपयोगी?

केंद्रीय खात्यांना माल विकायचा तर ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेले जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे सरकारी खरेदीचे ऑनलाइन पोर्टल) टाळता येत नाही. तिथे मिळणारी वस्तू तिथूनच घ्यावी, असे सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 149 खात्यांना बजावतो. त्यामुळे एरवी निविदेपर्यंत पोहोचूच न शकणाऱ्यांना हे पोर्टल आत घेते का, हाच खरा प्रश्न. घेते, पण कागद चोख असतील तरच.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2012 च्या खरेदी धोरणाने 25 टक्के खरेदी या उद्योगांकडून करायला सांगितली आहे. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. मात्र हे खात्याचे वर्षभराचे उद्दिष्ट आहे, प्रत्येक बोलीतले आरक्षण नव्हे. शिवाय 4 टक्क्यांसाठी पात्र बोलीदार आलाच नाही, तर तो वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून घेता येतो. धोरणाची मोठी गळती इथे आहे, आणि ती थांबवायची तर बोली लावणारे वाढले पाहिजेत.

दराच्या सवलतीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. समजा, मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन, 1,00,000 रुपये आला. तुमचा दर 1,15,000 पर्यंत असेल तर तुम्हाला संधी मिळते, पण माल द्यायचा 1,00,000 लाच! मागणी विभागता येत असेल तर 25 टक्के वाटा मिळतो. 1,14,000 भरून तेवढेच हातात येतील असे धरणारा तोट्यात जातो. बोली लावण्याआधीच आपला तळाचा दर काढून ठेवा. एल-वन स्वतःच सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर ही सवलत लागूच होत नाही.

या प्राधान्याचा दावा फेटाळला जातो तो बहुतेकदा उद्यम नोंदणीमुळे, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीतल्या तपशिलामुळे. वस्तूंच्या बोलीत देऊ केलेल्या मालाचे उत्पादक तुम्हीच असावे लागता. व्यापाऱ्यांना दरातले प्राधान्य नाही. मध्यम उद्योगही यात बसत नाहीत. भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्यासाठी त्या प्रवर्गाची मालकी किमान 51 टक्के हवी.

बोलीपत्रात दोन ओळी वेगवेगळ्या वाचा: एक खरेदी-प्राधान्याची, दुसरी अनुभव व उलाढालीच्या सवलतीची. पहिलीपुढे ‘हो’ असले तरी दुसरीपुढे ‘नाही’ असू शकते, आणि मग नवा उद्योग तांत्रिक छाननीतच बाद होतो. बयाणा रक्कम (बोलीसोबत भरायची अनामत) माफ असते, कामगिरी हमी (ऑर्डर नीट पुरी करण्याबद्दल द्यायची हमी) माफ नसते. ऑर्डर मिळाल्यावर बँकेकडे धावण्यापेक्षा तिची सोय आधीच करा.

पोर्टलची सर्वांत दुबळी बाजू म्हणजे पैसे. माल पोहोचल्यापासून 10 दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र आणि त्यानंतर 10 दिवसांत रक्कम, असा जेमचा नियम आहे; तो पाळला जाईलच असे नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकासाच्या 2006 च्या कायद्यानुसार कमाल मुदत 45 दिवसांची. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. त्यासाठी केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या थकबाकी-तक्रार पोर्टलवर अर्ज करावा लागतो, म्हणून पोच घेताना चलनावर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय गाडी सोडू नका.