बॅटरी मेंटेनर घ्या, पण बटणवाला नको

माझी नोकरी जहाजावर, इंजिन रूममध्ये. एकदा बोटीवर चढलो की गाडी महिनोन्‌महिने जागची हलत नाही. त्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी जगवायचे बहुतेक उपाय आमच्याकडे करून झालेत. सध्या लावलाय तो १ अँपिअरचा स्मार्ट मेंटेनर, म्हणजे घरच्या प्लगला लावून उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा, हातात मावेल एवढा डबा. समाधानी आहे, पण एका अटीवर. ती पुढे सांगतो.

किल्ली काढली म्हणजे गाडी झोपली असं नसतं. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, कंट्रोल युनिटची मेमरी, सगळे थोडं थोडं खातच असतात. सगळं ठीकठाक असलेल्या गाडीतही २० ते ५० मिलिअँपिअर जातात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतली साठवण मोजायचं माप). म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी सव्वा महिन्यात सपाट, आणि सेल्फ मारायची ताकद त्याच्या बरीच आधी गेलेली. तेवढ्यावर भागलं असतं तर चार्ज करून मोकळे झालो असतो. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात. ते मग कितीही चार्जिंग केलं तरी पुरते जात नाहीत आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते.

बाबांचा उपाय वेगळा होता. "अरे, दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो की मी!" बाबा, आठवड्याचे आठेक अँपिअर-अवर जागच्या जागी दहा मिनिटांत भरून येत नाहीत हो. वर इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

मधे निगेटिव्ह टर्मिनलवर बसवायचा कट-ऑफ स्विच वापरला. गोल मूठ असते, सैल केली की सर्किट तुटतं. स्वस्त आणि साधी गोष्ट, जिथे प्लग पॉइंट नाही तिथे आजही हाच घ्या म्हणेन. नाहीतर सरळ १० नंबरचा पाना घेऊन निगेटिव्हची केबल काढून ठेवा, काम तेच. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांची आतषबाजी. मात्र बॅटरी तोडली की घड्याळ शून्यावर येतं, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते, काचांचं ऑटो पुन्हा शिकवावं लागतं. बॅटरी डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर चालणारं असेल तर तोडण्याआधी ती हाताने कशी उघडते ते पाहून ठेवा. शिवाय तोडलेली बॅटरीही आतल्या आत उतरतेच, उकाड्यात जास्त. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी चार्ज करायलाच हवी.

मेंटेनर ही कटकट संपवतो. आधी १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन पूर्ण भरतो, मग १३.६ च्या आगेमागे फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी उतरू नये इतपतच व्होल्टेजवर, धरून ठेवतो. आमच्या जहाजावर इमर्जन्सीच्या बॅटऱ्या अशाच बारा महिने फ्लोटवर असतात, म्हणून या पद्धतीवर माझा विश्वास. जुन्या पद्धतीचा साधा ट्रिकल चार्जर मात्र भरल्यावरही करंट ढकलत राहतो आणि बॅटरीतलं पाणी उडवतो. तो महिनोन्‌महिने लावून ठेवायचा नाही. बॅटरी एजीएम (काचतंतूंच्या पॅडमध्ये ॲसिड शोषून ठेवलेली, सीलबंद) असेल तर मेंटेनरवर तो मोड आहे ना, ते बघा.

सोबत येणारी रिंगवाली वायर मला सगळ्यात आवडली. रिंगा टर्मिनलच्या बोल्टखाली कायमच्या बसवल्या आणि प्लग गाडीच्या पुढच्या जाळीपाशी आणून ठेवला. आता बॉनेटही न उघडता बाबा जोडतात. चिमटे त्यामानाने फुसके, स्प्रिंग सैल. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा चार्ज मोजणारा सेन्सर असतो. तिथे काळी वायर टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थला लावायची, नाहीतर आत गेलेला चार्ज गाडीच्या हिशेबात धरला जात नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात!

आता ती अट. आधीचा मेंटेनर बटणाचा होता. मोड बटण दाबून निवडायचा, इथपर्यंत ठीक. पण वीज जाऊन परत आली की पठ्ठ्या स्टँडबायला जाऊन बसायचा, कुणी बटण दाबेपर्यंत ढिम्म. दिवा लागलेला दिसतो, म्हणून घरचे निर्धास्त. आणि स्टँडबायमध्ये तो बॅटरीतूनच चिमूटभर करंट खातो! जे यंत्र माणूस घरी नसताना चालावं म्हणून घ्यायचं, त्याला माणूस हवा? आत्ताचा मेंटेनर निवडलेला मोड लक्षात ठेवतो. नवा आणलात की पहिल्याच दिवशी प्लग काढून परत लावा आणि चार्जिंग आपोआप सुरू होतं का बघा. झालं नाही तर परत करा.

आणि मेलेली बॅटरी जिवंत करायला हा घेऊ नका. व्होल्टेज फारच खाली गेलं असेल तर त्याला बॅटरी जोडलेली आहे हेच कळत नाही, एरर दाखवून बसतो. मल्टीमीटर लावा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या जवळपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ च्या खाली असेल तर आधी मोठ्या चार्जरवर भरून घ्या आणि मगच मेंटेनर जोडा.