शेतीसाठी देणगी द्यायची तर: पाणी पंचायत आणि वॉटर कप

कोरडवाहू शेतीसाठी खासगी पैसा कोणत्या वाटेने द्यावा, हे ठरवू पाहणाऱ्याला महाराष्ट्रातच दोन नमुने अभ्यासता येतात. दोन्ही सरकारबाहेरच्या पुढाकारातून उभे राहिले आणि दोन्हींचा भर पाण्यावर होता; मात्र वाढलेले पाणी कोणाचे, या प्रश्नापाशी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

१९७२च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची पडीक जमीन कसायला घेतली आणि त्या प्रयोगातून पाणी पंचायत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची व्यवस्था, आकाराला आली. तिच्या नियमांनुसार पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते मिळे. उसाला मनाई होती, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे आणि सिंचन योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनाच उभा करावा लागे. सर्वांत मोलाचे म्हणजे भूमिहीनालाही वाटा होता, म्हणजे हाती पाणी घेऊन तो दुसऱ्याच्या रानात बटाई करू शकत होता. पीक कोणते घ्यायचे हे बाहेरच्या उद्योजकाने का सांगावे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही ते बंधन सर्वांत आधी मोठ्या शेतकऱ्याला जाचणारे होते, म्हणून मला ते न्याय्य वाटते. अशी शिस्त मानणारी गावे थोडीच असतात, त्यामुळे हा प्रयोग मर्यादित राहिला.

आमिर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, २०१६ मध्ये ३ तालुक्यांत सुरू झाला, २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोहोचला आणि २०१९ मध्ये शेवटचा झाला. प्रशिक्षण, ४५ दिवसांचे श्रमदान आणि स्पर्धेची ईर्षा यांमुळे गटातटांत विभागलेली गावे एकत्र आली, हे यश निर्विवाद आहे. परंतु भर उन्हात पाणी मुरवण्यासाठी समतल चर खोदणाऱ्या शेतमजूर बाईचा रोज बुडे आणि मुरलेले पाणी ज्याच्या रानात विहीर असे त्याला उपसता येई. टँकर बंद झाला किंवा मजुरीचे दिवस वाढले, तर तिलाही लाभ होई. पण तो हक्काने मिळत नसे.

थोड्या गावांसोबत अनेक वर्षे राहण्याची तयारी असेल, तर साळुंख्यांची वाट धरावी. अनेक गावांपर्यंत पोहोचायचे असेल, तर दुसरी वाट योग्य आहे. मात्र श्रमदानाचा पहिला दिवस ठरण्यापूर्वी भूमिहीनांचा पाण्यातला वाटा किंवा त्यांच्या कामाची मजुरी ग्रामसभेच्या ठरावात लेखी नोंदवली जावी, ही अट देणगीला जोडावी.