थायलंडची शाळा की दुबईतली भारतीय शाळा? इंग्रजी शिकवायला बाहेर पडणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या मुलामुलींची आपल्याकडे काय परिस्थिती आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घ्यायचे, विनाअनुदानित शाळेत संस्था देईल तो पगार घ्यायचा, नाहीतर भरतीची वाट बघायची. शिक्षणसेवकांचं मानधन २०२३ मध्ये वाढलं, तरी माध्यमिकला ते महिना १८,००० रुपयेच आहे. मग बाहेर जायचा विचार मनात येतो, आणि तो यायलाच हवा.

भारतीय पासपोर्टवर सगळीकडे जाता येत नाही, हे मात्र आधीच लक्षात घ्या. चीन आणि दक्षिण कोरियाचे इंग्रजी शिक्षकांसाठीचे नियम मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना धरून केलेले आहेत. जपानमध्ये सहसा बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं लागतं, म्हणजे मराठी माध्यमवाल्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. व्हिएतनाममध्ये पदवी आणि टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) प्रमाणपत्रावर काम मिळू शकतं, पण बरंचसं काम संध्याकाळच्या आणि शनिवार-रविवारच्या खाजगी क्लासेसमध्ये असतं. पहिल्यांदाच देश सोडणाऱ्याला मी ते सुचवत नाही. उरतात दोन वाटा : थायलंडमधली स्थानिक शाळा आणि दुबई-शारजातली सीबीएसईची भारतीय शाळा.

बी.एड. आहे का, यावर पहिली चाळणी लागते. दुबईतल्या शाळा पदवीबरोबर बी.एड. आणि शक्यतो अनुभव मागतात. थायलंडमध्ये कोणत्याही शाखेची पदवी, १२० तासांचा टेफल कोर्स आणि इंग्रजी मातृभाषा नसल्यामुळे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० गुण, एवढ्यावर अनेक शाळा घेतात. शिक्षक परवाना लागतोच. बी.एड. नसेल तर शाळा सुरुवातीला तात्पुरता परवाना काढून देते, पण तो कायम पुरत नाही.

आता प्रत्यक्ष शिकवण्याबद्दल. माझ्या मते खरा फरक इथे आहे, आणि याचा विचार कुणी फारसा करत नाही. दुबईतल्या भारतीय शाळेत तुमच्यासमोर बसलेली मुलं घरी-दारी इंग्रजी बोलत वाढलेली असतात. तुम्ही धडे, कविता, व्याकरण आणि बोर्डाची तयारी करून घेता. काम आपल्या इथल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेसारखंच, फक्त तपासणी आणि कागदपत्रं जास्त. थायलंडच्या सरकारी शाळेत एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात आणि त्यांना इंग्रजी ही पूर्ण परकी भाषा असते. स्कूल शब्द ती 'सकून' असा म्हणतात, कारण थाईमध्ये शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही आणि सुरुवातीचं जोडाक्षर फुटतं. थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. शब्दाआधी 'अ' लावायचा की 'द', हा गोंधळ तर त्यांचाही आणि आपलाही.

ज्याने मराठी शाळेत बसून, चुकत-माकत, पाठ करत इंग्रजी मिळवलं आहे, त्याला या मुलांची अडचण नेमकी कुठे आहे ते चटकन कळतं. लंडनहून आलेल्या शिक्षकाला ती पुस्तकातून शिकावी लागते. मराठी माध्यम ही आपली कमजोरी म्हणून सांगायची सवय झालेल्या मुलांनी हे नीट लक्षात घ्यावं. मुलाखतीत हे आत्मविश्वासाने सांगा.

संस्कृतीचं बघू. दुबईत फारसं जड जात नाही. ज्वारीचं पीठ मिळतं, महाराष्ट्र मंडळाचा गणपती असतो, स्टाफरूममध्ये हिंदी-मल्याळम कानावर पडत असते. रमजानमध्ये शाळेची वेळ कमी होते आणि दिवसा चारचौघांत खाण्यापिण्याचं भान ठेवावं लागतं. परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं किंवा तो सोशल मीडियावर टाकणं तिथे गुन्हा आहे, हे मोबाईल हातात घेताना आठवत राहू द्या. पण खरं सांगायचं तर तुम्ही भारतातच राहता, फक्त पत्ता बदलतो. एकटं पडायची भीती असेल तर हे फार मोठं सुख आहे.

थायलंडमध्ये मात्र सगळं नव्याने शिकायचं. आपल्याकडे शाब्बास म्हणताना पोराच्या डोक्यावरून हात फिरवतात. तिथे डोकं पवित्र मानतात, हात लावायचा नाही. पाय कुणाकडे करून बसायचं नाही. सकाळी आठला झेंडावंदन असतं, त्याला शिक्षक हजर पाहिजेत. राजघराण्याबद्दल वावगं बोलल्यास ३ ते १५ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो, म्हणून हा विषय गमतीतही काढू नका. आणि आपला कोल्हापुरी मोठा आवाज! मनात काही नसताना आपण वर्गात कडाडतो, सहकाऱ्याला तोंडावर स्पष्ट सांगतो. तिथे चारचौघांत आवाज चढवणं म्हणजे समोरच्याचा अपमान आणि स्वतःचीही शोभा. पहिले काही महिने हे सगळ्यात जड जातं.

जेवणात तिखटाची अडचण नाही, तांबडा रस्सा पचवणाऱ्याला तर नाहीच. पण माशाच्या सॉसचा वास जवळजवळ प्रत्येक पदार्थाला असतो आणि भाकरी विसरावी लागते. शाकाहारी असाल तर 'जे' हा शब्द आणि त्याची लाल अक्षरांची पिवळी पाटी ओळखायला शिका. त्या जेवणात कांदा-लसूणही नसतो.

आणि तरीही जूनमधल्या एका गुरुवारी ज्याने वाई-ख्रूचा, म्हणजे गुरुवंदनेचा, सोहळा पाहिला, त्याला तिथलं शिक्षकपण वेगळं वाटू लागतं. मुलं गुडघ्यांवर येऊन शिक्षकांना फुलं वाहतात. त्यांत वांग्याचं फूल असतं, कारण ते खाली झुकतं, आणि दूर्वा असतात, कारण त्या पसरत जातात तशी विद्या पसरावी. गुरुपौर्णिमा पाहिलेल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

पैशांच्या बाबतीत दुबई सरळ पुढे आहे. पगारावर आयकर नाही, दिरहम डॉलरला बांधलेला आहे. घरभाडं मात्र विचारून घ्या. शाळा राहायची सोय देत नसेल तर शिल्लक फार उरत नाही. कुटुंब न्यायचं असेल तर साधारण ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, अशी अट असते. थायलंडमध्ये त्याच कामाला गोऱ्या शिक्षकाला जास्त आणि आपल्याला कमी, असं उघडपणे चालतं. मला ते संतापजनक वाटतं, पण जाणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे. घरी कर्ज असेल, भावंडांचं शिक्षण बाकी असेल, तर दुबईच. विशी-पंचविशीत असाल, जबाबदारी हलकी असेल आणि भाषा शिकवण्यातच आयुष्य काढायचं असेल, तर मी थायलंड म्हणेन.

कागदपत्रांना कोल्हापुरातूनच सुरुवात करा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, लग्नानंतर आणखी तिसरंच नाव, यात फार वेळ जातो. पदवीवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलात असे शिक्के लागतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतो. एजंट गाठलाच तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. 'आधी टुरिस्ट म्हणून जा, मग बघू' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. वर्क परमिटशिवाय वर्गात उभं राहणं थायलंडमध्ये बेकायदा आहे.

थायलंडचं सत्र मेच्या मध्यात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं, म्हणून अर्ज मार्च-एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा. ऑक्टोबरची सुट्टी कधी कधी नवरात्राला किंवा दिवाळीला लागून येते. दुबईतल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जाहिरातींवर लक्ष ठेवा आणि त्याआधी बी.एड.चं प्रमाणपत्र हातात असू द्या.